रिमोट कुणाच्या हातात, फडकं कुणाच्या?

आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीमागची भिंत काळी पडली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण तयार होतं आणि प्रत्येक कारणात मी होते. सासूबाई म्हणाल्या, "तू भात शिजवताना खिडकी लावून घेतेस." नवरा म्हणाला, "कुकरची वाफ, दुसरं काय?" मुलगी म्हणाली, "आई, तू भांडी ओलीच आत ठेवतेस." रंगारी आला तो तर भिंतीवर नखानं खरवडून म्हणाला, "वहिनी, ओलं फडकं जरा कमी मारत जा."

आणि मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मी ते सगळं मान्य केलं. घरकामाचं मोल काय, या विषयावर मी किती शिबिरांत बोलले असेन त्याची मोजदाद नाही. पण आपल्याच ओट्यामागे बुरशी दिसली तेव्हा मनात पहिली आली ती लाज. पाहुणे आले की मी ट्रॉली नीट आत ढकलून ठेवायची. मासिकाची बैठक आमच्याकडे होती तेव्हा चहा करायला मी कुणाला आत येऊ दिलं नाही. तुमच्यातल्या काहीजणींना आठवत असेल. कारण ते होतं.

ही गोष्ट अंकात लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घोटाळले. बलात्काराचे खटले, पोटगीचे अर्ज, गर्भलिंग तपासणी असे विषय हाताळणाऱ्या पानांवर भिंतीवरच्या बुरशीचं काय काम? पण या भिंतीपायी एका बाईचा श्वास कोंडला, आणि त्यात माझा वाटा होता. म्हणून लिहिते आहे.

आमचं घर ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याचं ऑफिस घरी आलं आणि २०२१ च्या उन्हाळ्यात बेडरूममध्ये एसी आला. खोली दहा बाय अकरा फुटांची, एसी दीड टनाचा. इतका मोठा कशाला, असं मी दुकानात विचारलंही होतं. विक्रेत्यानं उत्तर दिलं, पण नवऱ्याकडे बघून: "साहेब, घ्यायचाच आहे तर मोठा घ्या, पटकन गार करतो." बाहेरचं यंत्र लावायला बेडरूमच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या जाळीवर बसवलं. मधल्या भिंतीतून नळ्या काढल्या. स्वयंपाकघरातून नळी दिसू नये म्हणून ती भिंत फोडून, नळी आत घालून, वरून सिमेंट फिरवलं. काम छान झालं, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

दोन पावसाळ्यांनंतर भिंतीवर ठिपके आले. आधी करडे, मग हिरवट काळे. मग कुबट वास. पोह्यांच्या डब्याच्या झाकणाला, लाकडी पोळपाटाला, रद्दीला तोच वास. मी पुसलं. आठ दिवसांनी पुन्हा आलं. व्हिनेगर लावलं, लिंबू लावलं, कापूर ठेवला, बाजारातून बुरशी न धरणारा रंग आणून मारला. महिन्याभरात त्या रंगाचे पोपडे निघाले आणि पोपड्यांखाली बुरशी होतीच. सासूबाईंचा सकाळचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" आणि माझ्याकडे बघून दुसरं वाक्य, "जरा स्वच्छता ठेवा." नवराही शेजारीच उभा होता. त्याच्याकडे डॉक्टरांनी बघितलं नाही.

आता ती मुख्य गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई (नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलं आहे) भांडी आणि फरशी करतात. भिंत त्यांच्या कामात नव्हती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांना म्हटलं, "आज एवढं जरा घासून द्याल का? वर पन्नास रुपये देईन." ब्लीचची बाटली मी काढून दिली. मी बाहेरच्या खोलीत निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत बसले. पाऊस आत येत होता म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली होती. ब्लीचनं डाग जाईना, म्हणून त्यांनी संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि त्याच बादलीत ओतलं. "दोन्ही कडक असतात, मिळून जास्त काम करतील असं वाटलं," असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली माणसं मारायला हाच वायू वापरला होता. आमच्या सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात तो तयार झाला. ताई खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मिसळायला?"

हे वाक्य मी इथं लिहून ठेवते, कारण मला ते विसरायचं नाही. दुसऱ्याच क्षणी मी त्यांना जिन्यात मोकळ्या हवेत नेलं, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं, वाफेचं औषध दिलं गेलं, ते सगळं खरं. त्यांचे पाच दिवस बुडाले. आमच्याकडचे पैसे मी कापले नाहीत. बाकी तीन घरांतल्या दोघींनी कापले. ते मी भरून द्यायला हवे होते, हे मला महिन्याभरानं सुचलं. बाटलीवर धोक्याची सूचना होती, ती मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. घातक वस्तू माझ्या घरची, भिंत माझी, काम माझ्या सांगण्यावरून, आणि चूक मात्र तिची. कारखान्यात असं झालं असतं तर मालकाला आपण काय काय सुनावलं असतं? घर हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे, अशी मागणी आपणच करत आलो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तेव्हा पेढे वाटले. आपल्या ओट्याखालच्या बाटल्यांपर्यंत मात्र आपण पोचलो नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आता भिंत पुसायची नाही. आधी ओल कुठून येते ते बघायचं. इतकी साधी गोष्ट वर्षभर कुणाला सुचली नाही, कारण प्रश्न स्वच्छतेचा आहे असं घरात सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आधी मी एसीच्या पाण्याची नळी बादलीत सोडली. रात्री दहा ते सकाळी सहा. सकाळी बादली अर्ध्याच्या वर भरली होती. हे पाणी येतं कुठून? एसीच्या आत थंडगार नळ्यांचं एक जाळं असतं. खोलीतली दमट हवा त्यावरून गेली की हवेतली वाफ तिथं पाणी होऊन टपकते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. ते पाणी खालच्या तबकात पडतं आणि उतारानं नळीतून बाहेर जातं. तबक एका बाजूला कललेलं असेल, नळीला उतार नसेल, आत शेवाळ धरलं असेल, तर तेच पाणी भिंतीत उतरतं. हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. पुढची जाळी उघडून तांब्याभर पाणी तबकात हळूहळू सोडायचं आणि बाहेर नळीतून तेवढंच येतंय का ते बघायचं. यंत्र आधी बंद करून मुख्य बटणही बंद करायचं, एवढी काळजी घ्यायची.

आमच्याकडे पाणी बरोबर येत होतं. मग मी मेकॅनिकला बोलावलं. फोनवर त्याचं पहिलं वाक्य: "साहेबांना द्या ना." साहेब नाहीत म्हटल्यावर आला. मी भिंत फोडायला सांगितली तर हसला. "एसी थंड करतोय ना? मग एसीचा काही प्रॉब्लेम नाही." शेवटी मी गवंडी आणून भिंत फोडली. आत तांब्याच्या नळीवर काळा फोम असतो तो दीड हात लांबीत नव्हताच. तिथं नळी उघडी होती आणि तिच्यावर पाण्याचे थेंब धरले होते. चार वर्षं ती नळी भिंतीच्या पोटात घाम गाळत होती, आणि माझ्या कुकरच्या वाफेला सगळे बोल लावत होते.

पण एवढंच नव्हतं. फोम लावून भिंत बंद केली तरी पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात पुन्हा ठिपके आले. त्याचं कारण आमच्या गटातल्या विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीनं समजावलं. हवा ३० अंश असेल आणि आर्द्रता ८० टक्के, म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्यातला नेहमीचा दिवस, तर २६ अंशांच्या आसपास थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरायला लागतं. याला दवबिंदू म्हणतात. पलीकडे बेडरूममध्ये एसी १८ वर. मधली भिंत चार इंची. अलीकडे स्वयंपाकघरात दमट हवा आणि वर वाफ. भिंत तिकडून गार होते आणि इकडून तिला घाम फुटतो. आणि ट्रॉली भिंतीला चिकटून, म्हणजे वारा लागायला जागा नाही. भिंत डोळ्यांना कोरडी दिसली तरी तिच्या लगतची हवा पुरेशी ओलसर असली की बुरशीला तेवढं पुरतं. गारवा एका खोलीत आणि बुरशी दुसऱ्या खोलीत. यंत्र त्याच्या टेबलाजवळ आणि डाग माझ्या ओट्यामागे. एखाद्या पथनाट्यात असं लिहिलं असतं तर आपणच म्हणालो असतो की जरा फारच ठोकळेबाज झालं.

दीड टनाचंही तसंच. टन म्हणजे एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी ओढून घ्यायची ताकद. लहान खोलीत मोठं यंत्र लावलं की खोली झटक्यात गार होते, यंत्र थांबतं, आणि हवेतली वाफ काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर. मग अंगाला चिकट वाटतं, मग साहेब तापमान आणखी खाली आणतात, मग भिंत आणखी गार. दुकानात मी विचारलेला प्रश्न बरोबर होता.

यातली गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं ते ओल काढण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नेमके बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं त्यासाठी हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारं यंत्र आखलं. कागदाला ओल लागू नये म्हणून एवढी बुद्धी खर्च झाली. भिंत, डाळ आणि बाईची फुप्फुसं यांची चौकशी सव्वाशे वर्षांनंतरही आपल्यालाच करावी लागते.

नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तो हा अंक वाचतो. तो वाईट माणूस नाही. मोर्चात आला आहे, पत्रकं वाटली आहेत, चहा चांगला करतो. पण चार वर्षांत एसीची जाळी एकदाही त्यानं धुतली नव्हती आणि ती धुवायची असते हे त्याला माहीतही नव्हतं. ती मी धूत होते, दर पंधरा दिवसांनी, आणि रिमोट त्याच्या उशाशी. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे २०२४ चे आकडे आहेत: घरातल्या बिनमोल कामांत बायकांचे रोजचे २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ८८. एवढी तफावत तर आपल्याला पाठच आहे. पण नव्या वस्तू घरात आल्या की त्यांच्याबरोबर येणारं काम कुणाच्या खात्यात जमा होतं, हे आपण फारसं मांडत नाही. एसीचं बिल येतं, हप्ता येतो, त्याची घरात चर्चा होते. बुरशी येते ती चर्चेशिवाय बाईच्या वाट्याला जाते.

आणि ते काम निरुपद्रवी नाही. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांवर माणसांच्या फुप्फुसांची ताकद सुमारे वीस वर्षांच्या काळात पुन्हापुन्हा मोजली. घरात साफसफाई करणाऱ्या आणि पोटासाठी साफसफाई करणाऱ्या, अशा दोन्ही बायकांची ताकद, सफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा लवकर घटत गेल्याचं दिसलं. पुरुषांत तसा फरक दिसला नाही, पण त्या अभ्यासात सफाई करणारे पुरुष मुळात थोडेच होते, हेही लक्षात घ्यायला हवं. (ते वाचून माझी मुलगी म्हणाली, "हाच खरा निष्कर्ष.")

सासूबाई म्हणतात, "आमच्या राजापूरच्या घरी कुठं होती बुरशी?" होती. पावसाळ्यात गोधड्यांना होती, लोणच्याला होती. पण चूल सतत पेटती, घराला कौलं आणि फटी, त्यामुळे हवा खेळायची. मात्र त्या घराचं गुणगान मी करणार नाही. त्याच चुलीच्या धुरानं त्यांच्या आईचे डोळे आणि छाती गेली. १९८३ साली सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर गावोगाव निर्धूर चुलीची शिबिरं झाली, आपल्यातल्या काहीजणींनी ती घेतली. तेव्हाही गावातले पुरुष म्हणायचे, धूर काय, बायकांना सवय असते. आता ओल काय, बायकांना पुसायची सवय असते.

घाबरवायचं मात्र नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला सगळीकडे 'काळी बुरशी' म्हणायला लागले आणि आमच्या चाळीतल्या जुन्या शेजारणी भिंतीवरचे डाग बघून रडायच्या. तो आजार वेगळा. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडच्या औषधांनी प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसांना झाला. भिंतीवरच्या बुरशीचा रंग बघून ती किती विषारी ते सांगता येत नाही, आणि त्यासाठी महागड्या तपासण्या करून घ्यायचीही गरज नाही. कुठल्याही रंगाची असली तरी तिची ओल काढायची, हेच खरं. पण दुर्लक्षही करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचनाच काढल्या आणि दमा, खोकला, श्वसनाचे विकार यांच्याशी तिचा संबंध स्पष्ट नोंदवला. ज्यांना दमा आहे, त्यांना त्रास जास्त.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. रॉचडेल गावात भाड्याच्या सरकारमान्य घरात राहणाऱ्या, सुदानहून आलेल्या कुटुंबाचं दोन वर्षांचं बाळ, अवाब इशाक, डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीमुळे त्याच्या श्वसनमार्गाला जे झालं त्यानं ते दगावलं, असा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. आईवडील तक्रार करत होते. घर देणाऱ्या संस्थेचा समज असा, की हे कुटुंब आंघोळ कशी करतं, स्वयंपाक कसा करतं, त्यातून ओल येते. म्हणजे तिथंही कुकरची वाफच! तिथल्या गृहनिर्माण लोकपालांनी त्याच्या आधी वर्षभर ओल आणि बुरशीवरचा जो अहवाल काढला होता, त्याच्या नावातच म्हटलं होतं की ही राहणीची चूक नव्हे. पुढे २०२३ साली त्या बाळाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून अशा घरांत ठरावीक मुदतीत दुरुस्ती करणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण जे आहे ते तरी आपण वापरतो का? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळाची गळती दुरुस्त करायचा खर्च संस्थेचा, आपल्या न्हाणीघर-मोरीतली आतली गळती आपली. आमच्या वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी आमच्या छज्ज्यावर पडून बाहेरच्या भिंतीत मुरत होतं. मी सोसायटीच्या सभेत बोलायला उभी राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, सभासद कोण आहेत?" घर नवऱ्याच्या नावावर. मला बसायला सांगितलं. पुढच्या सभेला नवरा गेला, मीच लिहून दिलेला कागद वाचला, आणि दहा मिनिटांत ठराव झाला: प्रत्येकानं एसीचं पाणी सामाईक नळात सोडायचं. मला आनंद व्हायला हवा होता. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमचं घर त्याआधीचं. पण जिच्या नावावर घर आहे अशी माझी मैत्रीणही सभेला जात नाही, नवराच जातो.

आता ताईंचं घर. दवाखान्यातून त्यांना सोडायला गेले तेव्हा पहिल्यांदा बघितलं, अकरा वर्षांनी. एकच खोली, एका दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून. दुकानाला दोन एसी. त्यांची बाहेरची यंत्रं ताईंच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर. दिवसभर गरम झोत, म्हणून खिडकी बंद. पाणी पत्र्यावर टपटपतं आणि भिंतीत उतरतं. आतून ती भिंत माझ्या भिंतीहून काळी होती, छतापासून शेगडीपर्यंत. माझ्या घरची बुरशी घासून त्यांचा श्वास कोंडला, आणि झोपायला त्या या खोलीत. एसी त्यांच्याकडे नाही. एसीची ओल आहे.

हे फक्त एका खोलीचं नाही. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. तिथल्या क्षयरोगाचा हवा-उजेडाच्या अभावाशी असलेला संबंध २०१८ साली पुढे आलेल्या अभ्यासानं दाखवला. दिवसभर त्या घरांत कोण असतं? बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं. तिथल्या बाईला घर स्वच्छ ठेवा म्हणून सांगणं म्हणजे काय, ते मला आता जास्त कळतं.

आमच्या घरी काय बदललं ते सांगते, कारण बैठकीत सगळ्याजणी तेच विचारतात. एसी आता २५ वर असतो. (२०२० च्या जानेवारीपासून तारांकित एसी सुरू केल्यावर २४ वर लागावा असा केंद्राचा नियम आहे, म्हणजे १८ वर न्यायला माणसाचं बोट लागतं.) बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे आतलं जाळं वाळतं. एसी चालू असताना खिडकीची फट ठेवायची नाही, कारण बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतीवर पाणी धरतं. मात्र घरचा एसी ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो, म्हणून पाऊस उघडला की एसी बंद करून खिडक्या सताड. ट्रॉली भिंतीपासून चार बोटं पुढे. स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा बसवला. एसीची जाळी नवरा धुतो. कॅलेंडरवर खूण करतो आणि धुतल्यावर मला सांगतो. सांगतो, हे अजून आहेच.

पुसायचं ते भांड्याच्या साबणानं आणि पाण्यानं. खिडकी उघडी, तोंडाला रुमाल नव्हे, मास्क, हातात रबरी मोजे, आणि कोरडं घासायचं नाही, कारण मग बुरशीची भुकटी घरभर उडते. लगेच कोरडं करायचं. ब्लीचनं डागाचा रंग उडतो, ओल तिथंच राहते. आमच्या ओट्याखालून ॲसिडची बाटली गेली. आणि पुसणारी व्यक्ती ताई नाहीत. त्यांच्या कामाच्या यादीत भिंत नाही, हे आता कागदावर आहे. त्यांनीच लिहून घ्यायला लावलं.

गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "एसी बंदच का करत नाही तुम्ही? हा तर वरच्या वर्गाचा प्रश्न." तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही, आणि पूर्ण खोडूनही काढता आलं नाही. मे महिन्यात सासूबाईंना उकाड्यानं चक्कर येते, हे खरं. पण तीच थंडी भिंतीपलीकडे कुणाची ओल होते, हेही खरं. त्यावर त्या दिवशी दोन तास वाद झाला, आवाज चढले, चहा गार झाला. निर्णय एवढाच झाला की दुकानमालकाला आणि पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला ताईंच्या वस्तीतल्या बायकांच्या सह्यांनी अर्ज द्यायचा: यंत्रं हलवा, पाण्याला नळी लावा, भिंत दुरुस्त करून द्या.

अर्ज देऊन सात आठवडे झाले. सत्तावीस सह्या आहेत, त्यातल्या नऊ अंगठे. दुकानमालकानं एका यंत्राला प्लास्टिकची नळी लावली आहे, दुसऱ्याला नाही. कार्यालयात दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा टेबलामागच्या माणसानं अर्ज वाचला आणि ताईंना विचारलं, "घरात खिडकी उघडी ठेवता की नाही?" ताई म्हणाल्या, "तुम्ही या, उघडून बघा." तो येतो म्हणाला आहे. सोमवारी अकरा वाजता आम्ही दहाजणी त्याला न्यायला जाणार आहोत.